सव्वाचारची लिफ्ट

मी मराठीत एक रहस्यकादंबरी लिहिली आहे, बारा ते सोळा वयाच्या मुलांसाठी. ती छापलेली नाही. तिच्या तीन प्रती आहेत.

मी लेखक नाही, लिफ्ट दुरुस्त करतो. गुहागर तालुक्यातल्या गावातून आयटीआय करून बहरीनला आलो, त्याला सोळा वर्षं झाली. मनामात नईम भागात एका जुन्या पाच मजली इमारतीत वरच्या मजल्यावर आम्ही तिघं राहतो. मी, बायको आणि मुलगी. इमारतीच्या लिफ्टचं काम आमच्याच कंपनीकडे आहे, त्यामुळे लिफ्ट चालू असेपर्यंत लोक मला शेजारी मानतात.

कादंबरी लिहायचं कारण मुलगी. तेव्हा ती तेरा वर्षांची होती. दिवसभर इंग्रजीतली गुप्तहेरांची पुस्तकं वाचायची. मराठी तिला सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. (तिचं बोलणं मी इथे मराठीत लिहितो आहे, त्यामुळे ती आहे त्याहून जरा मवाळ वाटेल.) आमच्या मंडळाचं वाचनालय म्हणजे एक कपाट. मुलांच्या कप्प्यात राजे, ससे आणि थोर पुरुष. मी ठरवलं की आपणच लिहायचं. नईममधे राहणारी चौदा वर्षांची मराठी मुलगी गुन्हे शोधते, असं.

दर शुक्रवारी सकाळी नाश्त्याच्या टेबलावर मी आठवडाभरात लिहिलेलं प्रकरण वाचून दाखवायचो. पहिल्या प्रकरणात एक मौल्यवान मोती चोरीला गेला.

"पप्पा, मोती नको," मुलगी म्हणाली.

"का?"

"बहरीन म्हटलं की सगळे मोतीच चोरतात."

मी मोती काढून एका दुकानाच्या चाव्यांचा जुडगा घातला. तिसऱ्या प्रकरणात तिने ब्रेड चावता चावता चोर सांगून टाकला. "तो मामा."

"कशावरून?"

"बाकी कोणाच्या मिशीबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस."

माझ्या हिशेबाने चोर एकविसाव्या प्रकरणात सापडणार होता. मी मामाची मिशी काढली आणि अजून दोघांना दिली. पुढच्या शुक्रवारी ती म्हणाली की मिशा हा मूळ प्रॉब्लेमच नाही.

"तुझी डिटेक्टिव्ह काही कामच करत नाही. तिला सगळं सुचतं. खिडकीतून बाहेर बघते आणि सुचतं. खऱ्या डिटेक्टिव्हला काही सुचत नाही. ती बसून राहते, बघते आणि लिहून ठेवते."

"तू पाहिली आहेस का खरी?"

"नाही. पण मला एखादी खरी केस दे, मी दाखवते."

बायको ओट्याशी पोळ्या लाटत होती. ती एका हॉटेलात हाउसकीपिंगच्या ऑफिसमधे आहे आणि साडेचारच्या आत घरी येते. ती मागे न बघता म्हणाली, "मी देते केस. रोज सव्वाचारला मी लिफ्टमधे शिरते, पाच दाबते, आणि लिफ्ट तिसऱ्यावर थांबते. दार उघडतं. बाहेर कोणी नसतं. रोज. हे घरात लिफ्टवाले असून."

शेवटचं वाक्य मला होतं. या तक्रारीसाठी मी तिसऱ्या मजल्यावरचं बटण दोनदा बदललं होतं. एकदा आतली वायरही बदलली. दुसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाने तोवर तिथे काहीतरी आहे असं ठरवून टाकलं होतं, आणि त्या घरातली बाई लिफ्टमधे शिरताना पुटपुटायची.

मुलीने वही घेतली. मी म्हटलं, "दोन नियम. जिन्यातच बसायचं, आणि कोणाला काही विचारायचं नाही." तिने मान हलवली.

रविवारी शाळेतून आल्यावर ती तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधल्या वळणावर जाऊन बसली. तिथून कठड्याच्या फटीतून तिसऱ्यावरची तिन्ही दारं दिसतात. चार दिवसांची वही तिने मला दाखवली. चारही दिवस जवळजवळ तेच लिहिलेलं. चार वाजून दहा मिनिटांनी डाव्या हाताचं दार उघडतं. हाजी बाहेर येतात. इस्त्री केलेला पांढरा पायघोळ थोब, डोक्यावर रुमाल, हातात काठी, पायात चामडी चपला. सव्वाचारला खाली लिफ्टचं दार वाजलं की बटण दाबतात. उभे राहतात. लिफ्ट येताना ऐकू येते. हाजी घरात जातात. दार लागतं. मग लिफ्ट येते, उघडते, आत मम्मी.

मी वाचलं आणि मला बरं वाटलं. बटण चांगलं होतं.

हाजी म्हणजे सत्तरी ओलांडलेले बहरीनी गृहस्थ. सगळी इमारत त्यांना हाजीच म्हणते. बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन मुहर्रकला. ती शुक्रवारी येऊन त्यांना घेऊन जायची. त्यांचे वडील मुंबईला मालाची ने-आण करायचे, त्यामुळे हाजींना लहानपणापासून हिंदी येत होतं. जुनं, मुंबईचं.

"केस सुटली," मी म्हटलं. "छान. हे आपण पुस्तकात घालू."

"कुठे सुटली?" मुलगी म्हणाली. "ते आत का जात नाहीत? बाहेर जायचे कपडे घालतात, लिफ्ट बोलावतात आणि आत का जात नाहीत?"

"म्हातारी माणसं. काहीतरी विसरत असतील."

"चार दिवस तेच?"

पाचव्या दिवशी तिने माझा दुसरा नियम मोडला. हाजींनी बटण दाबल्यावर ती सरळ खाली उतरली आणि तिने विचारलं. तिचं हिंदी शाळेतलं आहे, पण चालतं. त्या संध्याकाळी जेवताना तिने आम्हाला सगळं सांगितलं.

हाजींनी तिला विचारलं होतं, "तू पाँचवें माले वाली? लिफ्टवाले की बेटी?"

ती हो म्हणाली.

"मैं देखता हूँ, लिफ्ट आती है कि नहीं. आती है तो बोलता हूँ, अच्छा, कल जाऊँगा."

मग त्यांनी तिला सांगितलं की दीड वर्षापूर्वी, ऑगस्टमधे, दुपारच्या वेळी ते एकटेच लिफ्टमधे होते आणि लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे बंद पडली. पंखा बंद, दिवा बंद. पन्नास मिनिटं. त्याआधी ते रोज चारला खाली जाऊन कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात दोस्तांबरोबर कॅरम खेळायचे. त्या दिवसानंतर एकदाही गेले नाहीत. गुडघ्यांमुळे जिना जमत नाही. शुक्रवारी मुलगी येते, त्यांचा हात धरते, ते डोळे मिटून उतरतात. बाकी सहा दिवस घरात.

"पप्पा, त्यांना बाहेर कोणी काढलं माहितीये?"

"मी," मी म्हटलं.

"हो. ते म्हणाले, तुझा बाप आला, मी त्याला शुक्रन म्हटलं."

मी आमटी वाढून घेतली. मला तो दिवस आठवत होता. मी जिदहफ्समधे दुसऱ्या कॉलवर होतो, तिथून यायला वेळ लागला. मशीन रूममधून हाताने चाक फिरवून लिफ्ट खाली आणली, दार उघडलं. हाजी आत जमिनीवर बसले होते, थोब घामाने अंगाला चिकटलेला. ते उठले, शुक्रन म्हणून आभार मानले, आणि काठी टेकत, दर पायरीवर थांबत जिन्याने वर गेले. गोळा झालेल्या लोकांनी काय झालं विचारल्यावर मी म्हटलं, "व्होल्टेजचा प्रॉब्लेम." लोकांना ते पटलं.

शनिवारी मुलगी म्हणाली, "मला मशीन रूम बघायची आहे. सातव्या प्रकरणासाठी."

मी तिला गच्चीवर घेऊन गेलो. मोटर दाखवली, ब्रेक, दोर. ती ऐकत होती, पण बघत होती दारामागे. तिथे खिळ्याला सर्व्हिस कार्ड लटकवलेलं असतं. दर महिन्याला तंत्रज्ञ येतो, एकेक भाग तपासून समोर ओके लिहितो, सही करतो. सातव्या प्रकरणात मशीन रूम नव्हतीच, हे मला तेव्हा आठवलं.

तिने कार्डांचा गठ्ठा मागे मागे उलटला आणि बोट ठेवलं.

"ही तुझी सही?"

"हो."

"इथे लिहिलंय, डोअर लॉक ओके. मग सहा दिवसांनी लिहिलंय, डोअर लॉक कॉन्टॅक्ट बदलला. तीच सही. मधे हाजी अडकले." तिने बोट परत पहिल्या ओळीवर नेलं. "जी वस्तू ओके होती ती सहा दिवसांत का बदलली?"

"खलास, चल, खाली उकडत नाही," मी म्हटलं.

"हे उत्तर नाही."

ते उत्तर नव्हतंच. प्रत्येक मजल्याच्या दाराला एक छोटा कुलपासारखा भाग असतो. दार नीट लागलं आहे हे तो लिफ्टला सांगतो. आत एक पत्र्याची पट्टी असते, ती झिजली की कधी सांगतो, कधी सांगत नाही. सांगितलं नाही की लिफ्ट जागच्या जागी थांबते, आणि आमच्या जुन्या लिफ्टचा पंखा-दिवा मग थोड्या वेळाने आपोआप बंद होतो. तिसऱ्या मजल्यावरची पट्टी झिजली आहे हे मी तपासणीच्या दिवशी पाहिलं होतं. नवा भाग हिद्दच्या गोदामात होता. पुढच्या आठवड्यात तिकडे जाणारच होतो, तेव्हा आणू, असं ठरवून मी ओके लिहिलं. लिहिलं नसतं तर लिफ्ट बंद ठेवावी लागली असती, आणि मग इमारतीतल्या प्रत्येकाने माझं दार वाजवलं असतं.

मी हे तिला गच्चीवर उभ्याने सांगितलं. एवढं सलग मी तिच्याशी कधी बोललो नव्हतो. तिने वहीत काही लिहिलं नाही. वही मिटून काखेत धरली होती.

"व्होल्टेजचा प्रॉब्लेम नव्हता तर," ती म्हणाली.

"नव्हता."

"मम्मीला माहितीये?"

"नाही."

खाली आल्यावर मी बायकोलाही सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने माझा एक शर्ट पूर्ण घडी करून ठेवला आणि म्हणाली, "अहो, मग जा ना खाली. दोनच मजले आहेत."

मी म्हटलं, उद्या जातो. उद्या जिदहफ्सचा कॉल आला. परवा मी दारापर्यंत गेलो आणि आतून टीव्हीचा आवाज येत होता म्हणून परत आलो. मुलगी त्या तीन दिवसांत मला एवढंच म्हणाली की येत्या शुक्रवारी ती प्रकरण ऐकणार नाही. चौथ्या दिवशी, बुधवारी, चार वाजता मी आंघोळ करून स्वच्छ शर्ट घातला आणि जिन्याने उतरलो. मुलगी मागून आली. मी तिला बोलावलं नव्हतं आणि परतही पाठवलं नाही.

हाजींनी आम्हाला बसवलं. खजूर ठेवले, छोट्या कपात कहवा ओतला. बाहेर जायचे कपडे घातलेलेच होते. मी कप हातात धरून सगळं सांगितलं, हिंदीत, गोदामापासून व्होल्टेजपर्यंत. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "पुर्जा कितना बड़ा?"

मी अंगठ्याचं पेर दाखवलं.

त्यांनी ते पेर बराच वेळ बघितलं. मग बोलायला सुरुवात केली. ते चाळीस वर्षं कस्टमच्या कचेरीत होते, हे मला माहीत नव्हतं. त्या चाळीस वर्षांत न पाहिलेल्या एकाही खोक्यावर त्यांनी सही केली नव्हती. त्यांचे साहेब म्हणायचे करून टाक, व्यापारी म्हणायचे करून टाक, भावाने सांगितलं होतं करून टाक. नाही केली. सही म्हणजे काय, ती कुठे करतात, ती केल्यावर माणूस घरी जाऊन कसा झोपतो, हे त्यांनी मला सांगितलं. आवाज चढवला नाही. मधे दोनदा माझा कप भरला. माझ्या मुलीसमोर, अर्धा तास. मी खाली बघत बसलो होतो. त्यांच्या गालिच्यावर लाल चौकटी आहेत, एका ओळीत अकरा.

शेवटी ते म्हणाले, "माफ़ी अल्लाह देगा. मैं सोचूँगा. कल सवा चार बजे आओ."

दुसऱ्या दिवशी मी वेळेवर गेलो. हाजी तयार होते. त्यांनी बटण दाबलं, लिफ्ट आली, दार उघडलं. आत बायको होती, पर्स आणि भाजीच्या पिशवीसकट. ती एका कोपऱ्यात सरकली. हाजी जागचे हलले नाहीत. दार बंद झालं. बायको पाचव्यावर गेली आणि लिफ्ट परत खाली पाठवून दिली.

"पहले दिखाओ," हाजी म्हणाले.

मी किल्लीने दार उघडून त्यांना तो लॉक दाखवला. नवी पट्टी, तिचं टेकणं, सुटणं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं, मला चार वेळा उघडबंद करायला लावलं. मग माझा हात दंडाला घट्ट धरला आणि आत आले. दार लागल्यावर त्यांनी डोळे मिटले.

"ये आवाज़ क्या है?"

"ब्रेक खुला."

"ये?"

"पंखा."

"ये?"

"कुछ नहीं, हाजी. वो मैं हूँ."

मी जोरात श्वास घेत होतो. दुसऱ्या मजल्यावर दार उघडल्याबरोबर ते बाहेर पडले. तिथल्या पुटपुटणाऱ्या बाईंनी दार किलकिलं करून पाहिलं आणि लावून घेतलं. आम्ही पाच मिनिटं तिथे उभे राहिलो आणि लिफ्टनेच परत वर आलो. त्या दिवसाचं तेवढंच.

महिनाभर हे चाललं. मी कॉलवर असलो की मुलगी जायची. तिने मला विचारून सगळ्या आवाजांची यादी पाठ केली होती. माझ्यापेक्षा तिच्याबरोबर ते जास्त धीट असत, असं ती म्हणते. दुसऱ्या आठवड्यात ते तळमजल्यापर्यंत आले. तिसऱ्या आठवड्यात दारातल्या खुर्चीवर बसून रस्ता बघितला. चौथ्या आठवड्यात म्हणाले, "यल्ला." आणि आम्ही कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात गेलो.

मला वाटलं होतं तिथे मिठ्या मारतील, रडतील. तिघं म्हातारे कॅरमच्या बोर्डाभोवती बसले होते. एकाने वर बघितलं, अरबीत काहीतरी म्हटलं आणि खुर्ची सरकवली.

"काय म्हणाले?" मी हाजींना हिंदीत विचारलं.

"बोलता है, देर हो गई."

मधल्या काळात मी कंपनीतल्या साहेबांना पण सांगितलं. साहेब केरळचे, सरळ माणूस. त्यांनी केबिनचं दार लावलं आणि म्हणाले की जुनी गोष्ट आहे, कोणाला इजा झाली नाही, हे तू बोलला नाहीस आणि मी ऐकलं नाही. मी खुर्चीवरून उठलो होतो. पुन्हा बसलो आणि लिहून दिलं. मला लेखी वॉर्निंग मिळाली आणि सहा महिने नईमच्या इमारती काढून घेतल्या. बायकोने वॉर्निंगचं पत्र मागून वाचलं आणि त्यात स्पेलिंगच्या दोन चुका आहेत असं सांगितलं. मग ते पासपोर्टच्या फाइलमधे ठेवलं. का, ते मी विचारलं नाही.

कादंबरी मी पुन्हा पहिल्यापासून लिहिली. मिशीवाले सगळे काढले. आता गुन्हेगार म्हणजे त्या गुप्तहेर मुलीचे वडीलच. ती एकविसाव्या प्रकरणात शोधून काढते, पण तिला संशय बाराव्यातच आलेला असतो. मधली नऊ प्रकरणं ती दुसऱ्या कोणावर तरी तो बसतोय का ते बघते. हे मी माझ्या मुलीला विचारून लिहिलं. मी तिला विचारलं होतं, "तुला जिन्यात बसल्यावर कधी कळलं?"

"हाजी म्हणाले लिफ्टवाले की बेटी, तेव्हा," ती म्हणाली. "त्यांनी ते चांगल्या अर्थाने म्हटलं. पण मला वाटलं, अरे, लिफ्टवाला एकच आहे."

"मग लगेच का नाही विचारलंस?"

"मला वाटलं, कार्डावर दुसऱ्याची सही असेल."

मंडळाच्या वाचनालय समितीतल्या काकांनी प्रत वाचून मला फोन केला. भाषा चांगली आहे म्हणाले. पण मुलांच्या पुस्तकात वडीलच गुन्हेगार, हे बरं दिसत नाही. वडिलांच्या जागी एखादा लांबचा काका चालेल का? मी मुलीकडे बघितलं, फोन स्पीकरवर होता. तिने नाही अशी मान हलवली. मी नाही म्हटलं. प्रत कपाटात लागली, वरच्या कप्प्यात, जिथे मुलांचे हात पोचत नाहीत. तरी नऊ जणांनी नेली. बहुतेक घरांत आईबापच वाचून दाखवतात, कारण मुलांना देवनागरी अडखळत वाचता येते. एका मुलाने बापाला विचारलं की तुम्ही ऑफिसात कशाकशावर सही करता. बाप मला रस्त्यात भेटला तेव्हा हे सांगून हसला, पण फार नाही.

माझ्या मुलीने ते स्वतः वाचलं. बावीस दिवस लागले, ओळीखाली पट्टी धरून. शेवट तिला माहीत होता, तरी तिने मधेच सोडलं नाही. वाचून झाल्यावर म्हणाली, जोडाक्षरं कमी वापर.

गेल्या वर्षी हाजींच्या मुलीने त्यांना मुहर्रकला आपल्या घरी नेलं. तिचं घर तळमजल्यावर आहे. ईदला आम्ही तिघं भेटायला गेलो. बैठकीत त्यांचे जावई, नातवंडं, दोन शेजारी, असे बरेच जण होते. हाजींनी मला शेजारी बसवलं आणि सगळ्यांना ओळख करून दिली, आधी अरबीत, मग माझ्यासाठी हिंदीत.

"ये वो आदमी है जिसने मुझे लिफ्ट में बंद किया था."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. जावयांनी हात पुढे केला, मी तो हातात घेतला. माझी मुलगी नातवंडांच्या रांगेत बसली होती, तिने तोंडावर हात ठेवला. हाजींनी चमचा उचलला आणि माझ्या बशीत हलवा वाढला, मी पुरे म्हणेपर्यंत.